पार्श्वभूमी : धबधबा, पेटी आणि पट्टी

रत्नागिरीजवळच्या एका बागायतदार काकांसाठी आम्ही तिघांनी आंब्याच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर करायला घेतलं, तेव्हा वेळापत्रक अगदी शिस्तीत आखलं होतं. ऑक्टोबरात गरजा लिहून घ्यायच्या, दिवाळीनंतर डिझाइन, जानेवारीअखेर कोडिंग, फेब्रुवारीत टेस्टिंग. प्रत्येक टप्प्याखाली सहीची जागा. काकांनी सगळीकडे सह्या केल्या. मार्चमध्ये ते पहिल्यांदा स्क्रीनसमोर बसले आणि म्हणाले, "दर आत्ता कुठून आणू? आधी पट्टी येऊ दे की!"

पेटी वाशीच्या बाजारात जाते तेव्हा तिचा दर ठरलेला नसतो. दलाल माल विकतो, भाडं-हमाली वजा होते, मग विक्रीच्या हिशेबाचा कागद, म्हणजे पट्टी, बागेत येते. आमच्या प्रोग्रॅममध्ये मात्र दर भरल्याशिवाय माल पाठवल्याचं चलन सेव्हच होत नव्हतं. त्यात माल जातो पेटीत, कुठली चार डझनी, कुठली सहा डझनी. किलोवर जातो तो कॅनिंगचा, म्हणजे डबाबंद करायचा. आम्ही सरसकट किलो धरून बसलो होतो. काकांनी काही लपवलं नव्हतं. जे रोजचंच आहे ते सांगायचं असतं, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही आणि ते विचारायचं असतं, हे आमच्या.

टप्प्याटप्प्याने खाली उतरणाऱ्या या पद्धतीला 'वॉटरफॉल' म्हणतात. नाव चपखल आहे. मार्लेश्वरच्या धबधब्यात एकदा खाली पडलेलं पाणी काही परत वर चढत नाही. पण ही पद्धत आली कुठून, हे पाहायला गेलं की जरा गंमतच आहे.

मोठं काम तारखांत बांधायची साधनं मुळात सॉफ्टवेअरसाठी निघालेली नव्हती. हेन्री गँटच्या नावाने ओळखले जाणारे आडव्या पट्ट्यांचे तक्ते 1910च्या दशकातले. 1957-58च्या सुमारास ड्यूपाँ कंपनीत 'क्रिटिकल पाथ' आणि अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्रासाठी 'पर्ट' ही तंत्रं निघाली. कुठलं काम अडलं की सगळं अडतं, ते यातून कळतं. रूळ आणि बोगद्यांना हे लागू पडतं. कोकण रेल्वेचं महामंडळ 1990 साली झालं, आणि 26 जानेवारी 1998 रोजी पूर्ण मार्ग खुला झाला. तिथेही गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्यातली भुसभुशीत माती पुन्हा पुन्हा ढासळली आणि काम लांबलं. तरी बोगदा कुठून कुठे काढायचा, हे खोदताना बदलत नव्हतं. सॉफ्टवेअरमध्ये नेमकं तेच बदलतं.

1968च्या ऑक्टोबरात जर्मनीतल्या गार्मिश इथे नाटोने भरवलेल्या परिषदेत 'सॉफ्टवेअर संकट' या विषयावर उघड चर्चा झाली. वेळ टळते, खर्च फुगतो, चुका राहतात, ही तिथली रड आजच्या कुठल्याही मीटिंगमध्ये खपून जाईल. आयबीएमच्या 'ओएस/360' या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी 1975 साली लिहून ठेवलं, की उशीर झालेल्या प्रकल्पावर आणखी माणसं घातली तर उशीर वाढतो. नव्या माणसाला शिकवायला जुन्याचाच वेळ जातो, हे त्यामागचं एक साधं कारण. हे वाक्य मॅनेजर मंडळींना तोंडपाठ असतं. पण काम तटलं की पहिली मागणी नव्या माणसांचीच होते.

आता मूळ चित्र. विन्स्टन रॉइस या अमेरिकी संगणकतज्ज्ञांनी 1970 साली एका लेखात पायऱ्या काढल्या: गरजा, विश्लेषण, डिझाइन, कोडिंग, चाचणी, वापर. 'वॉटरफॉल' हा शब्द त्यांच्या लेखात नाही. तो नंतर चिकटला. आणि त्याच लेखात ते बजावतात, की ही रचना अशीच राबवणं धोक्याचं आहे. चाचणीत निघालेला दोष थेट डिझाइनपर्यंत मागे नेतो. नवं काम असेल तर आधी एक लहान आवृत्ती करून बघा आणि गिऱ्हाइकाला सुरुवातीपासून सामील करा, हा त्यांचा सल्ला. लोकांनी चित्र उचललं, खालचा मजकूर तिथेच ठेवला.

असं का झालं? माझ्या मते, पैसे देणाऱ्याला ते चित्र सोयीचं होतं. टप्पा संपला, सही झाली, बिल निघालं. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या 1985च्या 'डीओडी-एसटीडी-2167' या मानकाने हीच चाल कंत्राटांत रूढ केली. 1994 साली नवं मानक आणून त्यांनाच ती सैल करावी लागली. आपल्याकडे 1991 साली सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया ही संस्था आली, परदेशी कामं वाढली, आणि ठरलेल्या रकमेच्या करारांबरोबर सह्यांची ही पद्धतही आली. कोकणातून पुण्या-मुंबईला गेलेली आमची पिढी त्यातच घडली. गावी परतलो, ते हेच नमुने लॅपटॉपमध्ये घेऊन.

दुसरी वाट दरम्यान रुळत होती. 1986 साली ताकेउची आणि नोनाका या जपानी अभ्यासकांनी नवं उत्पादन घडवणाऱ्या गटाची तुलना रग्बीच्या संघाशी केली. 'स्क्रम' हा रग्बीतला शब्द तिथून आला. केन श्वाबर आणि जेफ सदरलँड या सॉफ्टवेअरवाल्यांनी 1995 साली तो सॉफ्टवेअरची पद्धत म्हणून मांडला. फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेत युटातल्या स्नोबर्डला सॉफ्टवेअरमधले 17 जण जमले आणि 'अजाइल'चा जाहीरनामा लिहिला गेला. दोन-चार आठवड्यांत चालणारा तुकडा द्या, दाखवा, बदला, असं त्याचं व्यवहारातलं रूप. पुढे त्याचीही प्रमाणपत्रं विकली जाऊ लागली, तो वेगळा विषय.

आमच्या हाती मात्र तारीख सरकवायची सोय नव्हती. आंबा मृगापर्यंतच; त्यानंतर तयार झालेलं सॉफ्टवेअर थेट पुढच्या वर्षाचं. म्हणून बाकी सगळं बाजूला ठेवून एकच स्क्रीन केली: तारीख, पेटी किती डझनी, किती पेट्या, कुठल्या दलालाकडे. ती आठवडाभरात काकांच्या पडवीत चालू झाली. पट्टीचा भाग एप्रिलमध्ये जोडला, कॅनिंगचा किलो मेमध्ये. दराचा रकाना रिकामा ठेवून आता चलन सेव्ह होतं. काका वहीही लिहितातच, आणि रात्री जेवणं झाली की दोन्हींचा ताळा घेतात.