सर्वश्रेष्ठ गेम-मालिका कोणती? एका न मिटणाऱ्या वादाची पार्श्वभूमी

‘आजवरची सर्वश्रेष्ठ व्हिडिओ गेम मालिका कोणती’ हा वाद गेमर मंडळींमध्ये कितीतरी वर्षे चालू आहे, आणि त्यात पुढे येणारी नावेही फारशी बदललेली नाहीत. मारिओ, झेल्डा, फायनल फँटसी, ड्रॅगन क्वेस्ट आणि पोकेमॉन ही जुनी घराणी, तर नव्या पिढीकडून ग्रँड थेफ्ट ऑटो, एल्डर स्क्रोल्स किंवा डार्क सोल्स. वरवर पाहता हा निव्वळ आवडीनिवडीचा प्रश्न वाटतो. तरी त्याचा इतिहास चाळला तर असे दिसते की वाद घालणारे दोघे बहुधा एकाच गोष्टीला मालिका म्हणत नसतात, आणि निकाल बराचसा तिथेच लागलेला असतो.

सुरुवातीच्या काळात मालिका नावाची गोष्टच नव्हती. १९७२ चा पाँग, १९७८ चा स्पेस इन्व्हेडर्स, १९८० चा पॅक-मॅन हे सगळे नाणे टाकून खेळायचे आर्केड यंत्रातले खेळ होते आणि त्यांचे मोठेपण ठरे ते पडद्यावरच्या उच्चांकावरून आणि यंत्रात साचणाऱ्या नाण्यांवरून. पुढचा भाग म्हणजे त्याच कल्पनेची सुधारलेली आवृत्ती, इतकाच अर्थ होता. १९७९ च्या गॅलॅक्सियनचा १९८१ मध्ये गॅलॅगा झाला तो असाच. मिस पॅक-मॅन हा प्रसिद्ध उत्तराधिकारी तर मूळ जपानी निर्मात्यांचा नव्हताच. अमेरिकेतल्या एका वेगळ्याच चमूने पॅक-मॅनच्या यंत्रात फेरफार करून तो घडवला होता. ‘हा खरा भाग, तो उपरा’ हा मालिकांच्या वादातला लाडका मुद्दा इतका जुना आहे.

एका भागातून दुसऱ्या भागात काहीतरी सोबत नेता येते, ही कल्पना रुजली ती घरगुती संगणकांवर. १९८१ मध्ये रिचर्ड गॅरियट यांचा अल्टिमा आणि त्याच वर्षी विझर्ड्री बाजारात आला. विझर्ड्रीचा दुसरा भाग खेळायचा तर पहिल्या भागात वाढवलेली, डिस्कवर साठवलेली पात्रे हाताशी असावी लागत. खेळणाऱ्याने केलेले कष्ट पुढच्या खेळात वाया जात नाहीत, उलट तीच प्रवेशाची अट ठरते, ही जाणीव इथे आली. मालिकेबद्दल वाटणाऱ्या जिव्हाळ्याचे एक मूळ इथे सापडते, असे म्हणायला हरकत नाही.

तरीही आजच्या वादातली बहुतेक नावे जन्मली ती जपानमध्ये, तीही अवघ्या सव्वादोन वर्षांत. १९८३ मध्ये अमेरिकेतला घरगुती गेमचा बाजार कोसळला. त्याच वर्षी निंतेंदो या कंपनीने जपानमध्ये फॅमिकॉम हा कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचे यंत्र, आणला आणि १९८५ पासून तो एनईएस या नावाने अमेरिकेत विकायला सुरुवात केली. सप्टेंबर १९८५ मध्ये सुपर मारिओ ब्रदर्स, १९८६ च्या फेब्रुवारीत झेल्डा, मे महिन्यात ड्रॅगन क्वेस्ट, त्याच वर्षी मेट्रॉइड आणि कॅसलव्हेनिया, १९८७ मध्ये मेटल गिअर, आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात मेगा मॅन व फायनल फँटसी. एवढी गर्दी योगायोगाने झाली नाही. आर्केडमध्ये खेळ दर काही मिनिटांनी संपावा लागे, कारण पुढचे नाणे पडायला हवे. घरी विकत घेतलेला खेळ मात्र आठवडेच्या आठवडे पुरावा, ही ग्राहकाची अपेक्षा होती. त्यासाठी झालेली प्रगती जपून ठेवणे भाग होते. झेल्डा जपानमध्ये लिहिता-पुसता येणाऱ्या डिस्कवर आला, तर अमेरिकेत आत बॅटरी बसवलेल्या सोनेरी कार्ट्रिजवर, म्हणजे कन्सोलमध्ये खोचायच्या डबीवर. ड्रॅगन क्वेस्टच्या जपानमधल्या पहिल्या दोन भागांत ही सोय नव्हती. खेळ थांबवताना पडद्यावर येणारा सांकेतिक मंत्र हाताने वहीत उतरवून घ्यावा लागे, आणि दुसऱ्या भागात तो ५२ अक्षरांपर्यंत लांबत असे. एक अक्षर चुकले की कित्येक तासांची मेहनत पाण्यात. १९८८ मध्ये तिसऱ्या भागात बॅटरी आली आणि १० फेब्रुवारीला, ऐन बुधवारी, जपानी मुले शाळा बुडवून दुकानांपुढे रांगा लावून उभी राहिली. त्यानंतर ड्रॅगन क्वेस्ट सुट्टीच्या दिवशीच विकावा असा कायदा झाला, ही मात्र निव्वळ दंतकथा आहे.

या जपानी मालिका बाहेर गेल्या तेव्हा अखंड गेल्या नाहीत, आणि वादातला मोठा गोंधळ इथून सुरू झाला. ड्रॅगन क्वेस्ट हे नाव अमेरिकेत आधीच दुसऱ्या कुणाच्या हक्काचे असल्याने ती मालिका तिथे २००५ पर्यंत ड्रॅगन वॉरियर या नावाने ओळखली गेली. फायनल फँटसीचे दुसरा, तिसरा आणि पाचवा हे भाग त्या काळी अमेरिकेत आलेच नाहीत. चौथा भाग १९९१ मध्ये ‘दुसरा’ म्हणून आणि सहावा १९९४ मध्ये ‘तिसरा’ म्हणून विकला गेला. १९९७ मध्ये सातवा भाग सातवा म्हणूनच आला, तेव्हा अमेरिकी गेमर तीनवरून थेट सातवर पोहोचला. मारिओची गोष्ट आणखी गमतीची आहे. सुपर मारिओ ब्रदर्सचा जपानी दुसरा भाग अमेरिकी ग्राहकांना फार कठीण जाईल असे ठरले, म्हणून डोकी डोकी पॅनिक या वेगळ्याच खेळातली पात्रे बदलून १९८८ मध्ये तो बदललेला खेळ तिथे सुपर मारिओ ब्रदर्स २ म्हणून विकण्यात आला. म्हणजे दोन देशांतले चाहते एकाच नावाच्या मालिकेची बाजू घेत होते, पण त्यांनी खेळलेले भाग वेगळे होते. युरोपात तर चित्रच निराळे होते. तिथे अनेकांचे बालपण झेडएक्स स्पेक्ट्रम आणि कमोडोर ६४ या संगणकांवर गेले होते, आणि ‘आजवरची’ या शब्दाची सुरुवात मारिओपासून करायला ती मंडळी तयार नव्हती.

१९९१ मध्ये सेगा या प्रतिस्पर्धी कंपनीने सॉनिक या आपल्या नायकाला मारिओच्या विरोधात उभे केले आणि वादाला पक्षनिष्ठेचा रंग चढला. घरात एकच कन्सोल असे, त्यामुळे आपल्याकडे जो आहे त्याचे समर्थन करणे ओघानेच आले. त्या काळच्या पुष्कळ युक्तिवादांचे मूळ इतके साधे होते.

गेमची नियतकालिके क्रमवारी लावू लागली तेव्हा त्या याद्या मालिकांच्या नव्हत्या, सुट्या खेळांच्या होत्या, आणि त्यांत एकवाक्यताही नव्हती. नेक्स्ट जनरेशनने १९९६ मध्ये सुपर मारिओ ६४ ला पहिला क्रमांक दिला, इलेक्ट्रॉनिक गेमिंग मंथलीने १९९७ मध्ये टेट्रिसला, तर ब्रिटनच्या एजने २००० मध्ये झेल्डाच्या ऑकारिना ऑफ टाइमला. चार वर्षांत तीन नियतकालिके आणि तीन विजेते. यांतला टेट्रिस मालिकांच्या वादात कायमचा अडचणीचा ठरला आहे. अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी मॉस्कोत १९८० च्या दशकाच्या मध्यावर घडवलेला हा खेळ नंतर असंख्य रूपांत आला, पण त्याला कथा नाही, नायक नाही, आणि भाग क्रमांक दोन खेळण्यासाठी भाग क्रमांक एक माहीत असण्याची गरज नाही.

मालिकांची खरी परीक्षा घेतली ती थ्रीडीने. १९९६ ते १९९८ या काळात सपाट पडद्यावरचा खेळ त्रिमितीय जगात नेणे प्रत्येक मालिकेला क्रमप्राप्त झाले, आणि आजच्या वादात कोण टिकून आहे हे बरेचसे त्याच तीन वर्षांत ठरले. मारिओने १९९६ मध्ये ही उडी पहिल्याच फटक्यात मारली. फायनल फँटसीने तर त्यासाठी घरच बदलले: निंतेंदोचा नवा कन्सोल निंतेंदो ६४ कार्ट्रिजवर अडून राहिला, आणि तीन सीडी भरतील एवढा सातवा भाग त्यात मावणे शक्य नव्हते, म्हणून स्क्वेअर ही कंपनी सोनीच्या प्लेस्टेशनकडे गेली. सॉनिकचा सेगाच्या सॅटर्न कन्सोलसाठी चाललेला थ्रीडी प्रकल्प रद्द झाला आणि सॉनिक अॅडव्हेंचर थेट १९९८ च्या अखेरीस ड्रीमकास्ट या पुढच्या कन्सोलवर आला. तोवर त्या मालिकेचा दबदबा ओसरला होता. अल्टिमाचा नववा भाग १९९९ मध्ये दोषांनी भरलेल्या अवस्थेत दुकानांत पोहोचला आणि त्या थोर मालिकेचे मुख्य भाग तिथेच थांबले.

झेल्डाने ही परीक्षा कशी दिली हे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. थ्रीडी जगात तलवारीने लढताना शत्रू सतत पडद्याबाहेर निसटतो आणि वार हवेत जातो, ही सर्वांचीच डोकेदुखी होती. ऑकारिना घडवणाऱ्या चमूतले काही जण क्योटोतल्या तोएईच्या चित्रपटनगरीत सामुराई आणि निंजांचा खेळ पाहायला गेले. वीस जणांनी घेरले तरी नायकावर एका वेळी एकच जण चालून येतो, हे तिथे त्यांच्या ध्यानात आले; आणि साखळी लावलेला विळा घेऊन लढणाऱ्या निंजाकडे पाहून, नायक आणि शत्रू जणू एका अदृश्य साखळीने बांधले आहेत अशी रचना सुचली. बटण दाबले की दृष्टी त्या शत्रूवर खिळते, नायक त्याच्याभोवती वर्तुळात फिरतो, बाकीचे शत्रू थोडे थांबतात. झेड-टार्गेटिंग म्हणून ओळखली गेलेली ही युक्ती पुढे थ्रीडी लढाईच्या असंख्य खेळांनी उचलली. झेल्डाचे चाहते आपल्या मालिकेचा प्रभाव सांगताना हवेत बोलत नाहीत, ते यामुळे.

नोव्हेंबर १९९८ मध्ये आलेल्या या खेळाला जपानच्या फामित्सू साप्ताहिकाच्या चारही परीक्षकांनी दहापैकी दहा गुण दिले. ४० पैकी ४० मिळवणारा तो पहिलाच खेळ. पुढे असे गुण इतक्यांदा वाटले गेले की त्यांचे अप्रूप राहिले नाही. २००१ मध्ये सुरू झालेल्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळाने अनेक समीक्षांची सरासरी काढून प्रत्येक खेळाला एकच आकडा चिकटवला, आणि ऑकारिनाचे ९९ गुण आजही तिथे सर्वोच्च आहेत. हा आकडा पुढे केवळ वादाचे हत्यार राहिला नाही. २०१० च्या फॉलआउट: न्यू व्हेगस या खेळाच्या निर्मात्यांचा बोनस ८५ गुणांवर अवलंबून होता, आणि खेळाला मिळाले ८४. शिवाय मालिकेसाठी सरासरी काढायची तरी कशी? सगळे भाग धरले तर एखादा फसलेला जोडखेळ साऱ्या घराण्याला खाली ओढतो; फक्त उत्तमोत्तम धरले तर दोन-तीन भागांची मालिका पंचवीस भागांच्या मालिकेला सहज मागे टाकते. १९९८ आणि २००४ मधले हाफ-लाइफचे दोन भाग वर्षानुवर्षे याच बळावर वादात टिकून होते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मालिका एकसंध ठेवते ते काय, नाव की निर्माता? फॉलआउटचे पहिले दोन भाग इंटरप्ले या कंपनीने काढले, तर २००८ चा तिसरा भाग पूर्णपणे वेगळ्या हातांनी, बेथेस्डा या दुसऱ्या कंपनीने, वेगळ्याच पद्धतीचा खेळ म्हणून घडवला. नाव तेच, बाकी सारे नवे. याच्या नेमके उलट उदाहरण फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी कंपनीचे आहे: डेमन्स सोल्स, डार्क सोल्स, ब्लडबोर्न आणि २०२२ चा एल्डन रिंग ही नावे वेगळी, जग वेगळे, पण दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी यांचा हात आणि खेळण्याची धाटणी ओळखीची. यांना एक मालिका मानले तर तिचा दावा अतिशय भक्कम होतो. सुटे मानले तर डार्क सोल्स ही अवघ्या तीन भागांची गोष्ट उरते. फायनल फँटसी तर दर क्रमांकाला नवे जग आणि नवी पात्रे आणते, आणि त्याचे अकरावा व चौदावा हे भाग पूर्णतः ऑनलाइन आहेत. झेल्डाचे भाग एकमेकांशी कसे जुळतात यावर चाहते इतकी वर्षे भांडले की २०११ मध्ये निंतेंदोने अधिकृत कालक्रम प्रसिद्ध केला. भांडण अर्थातच थांबले नाही.

विक्रीचा निकष ऐकायला सोपा वाटतो, पण तोही फार काळ टिकत नाही. टेट्रिसच्या नावावर ५० कोटींहून अधिक प्रती सांगितल्या जातात, मात्र त्यांत मोबाइलवरचे डाउनलोडही येतात. २०१३ च्या ग्रँड थेफ्ट ऑटो ५ च्या एकट्याच्या २० कोटींहून अधिक प्रती खपल्या आहेत. २००३ मध्ये सुरू झालेली कॉल ऑफ ड्यूटी बराच काळ दर वर्षी नवा भाग काढत आली, आणि मोठ्या आकड्यात वारंवारितेचाही वाटा असतोच. पोकेमॉनची उलाढाल पत्ते, खेळणी आणि कार्टून धरून मोजली तर स्पर्धाच उरत नाही, पण ती गेमची मोजणी राहत नाही.

मतदानाने तरी सुटका व्हावी, तर तेही मतदार कोण यावर फिरते. फामित्सूच्या वाचकांनी २००६ मध्ये फायनल फँटसीच्या दहाव्या व सातव्या भागांना पहिले दोन क्रमांक दिले आणि पाठोपाठ ड्रॅगन क्वेस्टचे दोन भाग निवडले. टीव्ही असाही या वाहिनीने २०२१ मध्ये घेतलेल्या जपानी मतदानात पन्नास हजारांहून अधिक लोकांनी भाग घेतला. तिथे झेल्डाचा २०१७ चा ब्रेथ ऑफ द वाइल्ड पहिला, ड्रॅगन क्वेस्ट ५ दुसरा आणि फायनल फँटसी ७ तिसरा आला. ब्रिटनच्या बाफ्टा संस्थेने २०२५ मध्ये सर्वांत प्रभावी खेळ कोणता असे विचारले, तेव्हा लोकांनी निवडला १९९९ चा शेनम्यू, ज्याची कथा तीन भागांनंतरही अपुरीच आहे. प्रस्तुत लेखकाला झेल्डाचा दावा सर्वांत वजनदार वाटतो, कारण खेळाची मूळ घडी मोडून पुन्हा बसवण्याचे धाडस त्या मालिकेने १९९८ आणि २०१७ असे दोनदा यशस्वीपणे केले. पण हा निकष थ्रीडीच्या परीक्षेला महत्त्व देणाऱ्याचा आहे, आणि खेळांच्या प्रकारांची विविधता हाच निकष धरणाऱ्याने मारिओचे नाव घेतले तर त्याला खोडून काढणे अवघड आहे.

अलीकडे जुने खेळ नव्याने घडवण्याची लाट आल्यापासून मोजणी आणखी बिकट झाली आहे. फायनल फँटसीचा सातवा भाग आता तीन स्वतंत्र खेळांत पुन्हा सांगितला जात असून त्यांतला पहिला २०२० मध्ये आणि दुसरा २०२४ मध्ये आला. मूळ कथेपासून ते मुद्दाम काही ठिकाणी दूर जातात. त्यांना एका जुन्या भागाच्या खात्यात जमा करायचे, मालिकेतले नवे भाग मानायचे, की मालिकेच्या पोटातली आणखी एक मालिका म्हणायचे, यावर चाहत्यांचे आताच दोन-तीन पक्ष पडले आहेत.