श्रावणबाळचा अर्ज : ठेवीच्या व्याजावर जगणाऱ्यांचं घोडं कुठे अडतं

नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कंपन्यांतून रिटायर झालेल्या मंडळींचं एक गाऱ्हाणं ठरलेलं असतं. फंडाचे पैसे बँकेत टाकले तेव्हा व्याजात घर चालायचं, आता औषधंही भागत नाहीत. सरकारकडून काही मिळेल का? मिळू शकतं. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजनेत महिन्याला 1,500 रुपये आहेत. वय 65 पूर्ण हवं आणि महाराष्ट्रात किमान 15 वर्षं वास्तव्य हवं. अर्ज तहसील कार्यालयाच्या संजय गांधी योजना शाखेत किंवा सेतू केंद्रातून होतो. इथवर सगळं सोपं.

खरी अडचण उत्पन्नाची. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल तर कुटुंबाचं उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत लागतं. हा आकडा वर्षाचा आहे. अनेक जण तो महिन्याचा समजून निर्धास्त येतात आणि खिडकीवरून परत जातात. महिन्याला 1,750 रुपये झाले की मर्यादा गाठली! सात टक्क्यांनी तीन लाखांची ठेव असेल तर व्याजच बरोबर 21,000 होतं. पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 8.2 टक्के व्याज धरलं, तर अडीच लाखांच्या जरा पुढे गेलात की बाहेर. पीएफ कार्यालयाकडून मिळणारी ईपीएस-95 ची पेन्शन महिन्याला 1,800 असेल तर एक रुपयाची ठेव नसतानाही बाहेर. अनुदान 600 चं 1,000 आणि 2023 मध्ये 1,500 झालं, मर्यादा तिथल्या तिथेच. महागाई वाढली हे अनुदान ठरवताना पटतं, मग पात्रता ठरवताना का पटत नाही, हे कोणाला विचारायचं?

म्हणून धावपळ करण्याआधी प्रत्येक बँकेतून आणि पोस्टातून गेल्या वर्षाच्या व्याजाचा दाखला घ्या. नुसतं पासबुक पुरत नाही. मुदतीअंती एकरकमी पैसे देणाऱ्या ठेवीत तर फारच गफलत होते. "मला हातात काहीच येत नाही," असं आजी शपथेवर सांगतात, पण बँकेच्या दाखल्यात वर्षाचं व्याज लागलेलं असतं. मोजलं जातं ते व्याज, मुद्दल नाही. कचेरीबाहेरचा एखादा एजंट सांगेल, एफडी मोडून मुलाच्या नावावर करा, मी काम करून देतो. ऐकू नका. दीड हजारासाठी हातातले तीन लाख सोडायचे नसतात, मुलगा कितीही चांगला असला तरी.

पतसंस्थेत पैसे अडकलेल्यांचं आणखी वेगळं. पावतीवर व्याजदर छापलेला असतो, प्रत्यक्षात वर्षानुवर्षं दमडी मिळालेली नसते. संस्थेकडून किंवा अवसायकाकडून (बुडालेली संस्था गुंडाळायला नेमलेला अधिकारी) 'व्याज दिलेलं नाही' असं पत्र घ्या आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी अर्ज करतानाच जोडा. नंतर तोंडी सांगून उपयोग होत नाही. या दाखल्यासाठी साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र चालतं. कोणी स्टॅम्प पेपर आणायला लावला तर नियम दाखवा म्हणा.

दुसरा अडथळा वयाचा पुरावा. पेठ-सुरगाण्याकडे घरात जन्मलेल्या बाईकडे जन्माचा दाखला कुठून असणार? शाळा सोडल्याचा दाखला नसेल तर शिधापत्रिकेतल्या किंवा मतदार यादीतल्या वयाचा उतारा चालतो. तोही नसेल तर सरकारी रुग्णालयातून वैद्यकीय दाखला मिळतो. आधारवर 1 जानेवारी अशी अंदाजे तारीख असेल आणि बाकी कागदांत वय वेगळं असेल, तर आधी आधार दुरुस्त करा.

लाडक्या बहिणींनी 65 च्या आधीच जागं व्हावं. लाडकी बहीण योजना 65 ला थांबते आणि श्रावणबाळ आपोआप सुरू होत नाही, नवा अर्ज लागतो. वर तिथली उत्पन्न मर्यादा अडीच लाख, इथली एकवीस हजार. कालपर्यंत गरीब असलेली बाई वाढदिवसाला कागदावर श्रीमंत होते.

अर्ज मंजूर झाला तरी पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात. 'आधार लिंक आहे' एवढ्यावर विसंबू नका. डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, एका वेळी एकच खातं जोडलेलं असतं, बहुतेकदा गॅस सबसिडीसाठी कधीतरी दिलेलं. लोक भलत्याच पासबुकात एंट्री मारत बसतात. बोटांचे ठसे उमटत नसतील तर डोळ्यांची पडताळणी मागा. अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, कारण मंजुरी समितीच्या बैठकीत होते आणि ती कधी भरेल ते आपल्या हातात नसतं.

व्याजामुळे अर्ज बसत नसेल तर तिथेच डोकं आपटत राहू नका. सत्तरी ओलांडली असेल तर आयुष्मान वय वंदना कार्डाला उत्पन्नाची अटच नाही, 5 लाखांपर्यंतचे उपचार त्यात येतात. एसटीत 65 पासून अर्धं तिकीट आणि 75 पासून मोफत प्रवास आहे. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत चष्मा, श्रवणयंत्र, काठी अशा साधनांसाठी एकदाच 3,000 रुपये मिळतात आणि तिथली उत्पन्न मर्यादा 2 लाख आहे. त्याची चौकशी नासर्डी पुलाजवळच्या सामाजिक न्याय भवनात करा. खरेदीचं बिल मात्र जपून ठेवा, ते मागतात.