मुंबईतील स्तन व गर्भाशयमुख कर्करोग तपासणी प्रयोग

टाटा मेमोरिअल रुग्णालयाने १९९८ साली मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुरू केलेला सामूहिक तपासणीचा प्रयोग. २० वस्त्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया त्यात होत्या. निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी, अशा चार वेळा तपासणी झाली; उरलेल्यांत फक्त कर्करोगाची माहिती दिली गेली.

तपासणी डॉक्टर करत नव्हते. दहावीपर्यंत शिकलेल्या आरोग्यसेविकांना चार आठवड्यांचे प्रशिक्षण दिले होते. व्हिनेगरइतके सौम्य ॲसिटिक आम्ल कापसाच्या बोळ्याने गर्भाशयमुखाला लावायचे, मिनिटभर थांबायचे, मग प्रखर उजेडात पाहायचे. पेशी बिघडल्या असतील तर तेवढाच भाग पांढराफटक दिसतो. प्रयोगशाळा लागत नाही, बाई टेबलावरून उतरायच्या आत निकाल कळतो. ‘अहवाल न्यायला पुन्हा या’ म्हटले की मजुरी बुडवून पुन्हा कोण येणार, हा प्रश्नच त्यामुळे उरत नाही. पद्धत निर्दोष मात्र नाही: जंतुसंसर्गानेही डाग उमटतो, आणि पाळी गेल्यावर तपासायचा भाग आत सरकत असल्याने उतारवयात ती फारशी उपयोगी पडत नाही. स्तन व काखा सेविका हाताने चाचपून पाहत.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू तपासणी झालेल्या गटात ३१ टक्क्यांनी घटले. हा निष्कर्ष टाटा मेमोरिअलचे डॉक्टर सुरेंद्र शास्त्री यांनी २०१३ मध्ये मांडला. स्तनांचा हिशेब २०२१ मध्ये इंद्रनील मित्रा व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला, आणि तो एवढा सरळ नव्हता. गाठी लवकरच्या टप्प्यात सापडू लागल्या. पण मृत्यूंतली ठळक घट, जवळपास ३० टक्के, दिसली ती पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत. त्याहून तरुण स्त्रियांत तसा फायदा दिसला नाही.

निम्म्या स्त्रियांना तपासणीविना का ठेवले, यावरून प्रयोगावर टीका झाली. देशात तेव्हा सार्वत्रिक तपासणी नव्हतीच, हा संशोधकांचा युक्तिवाद खरा असला तरी पूर्ण समाधान करणारा नाही.

केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत ३० ते ६५ वयोगटासाठी दर पाच वर्षांनी याच दोन तपासण्या आहेत. त्याआधीच्या वयात, ९ ते १४ वर्षांच्या मुलींसाठी, एचपीव्ही या गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूविरुद्धची लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ ही अशीच एक देशी लस. या विषाणूचे कर्करोगकारक असे सगळे प्रकार लशीत येत नाहीत, म्हणून लस घेतलेल्यांनाही तिशीनंतर तपासणी करावीच लागते.