पाच औंसांची गाडी

शुक्रवारी संध्याकाळी चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये एका टेबलावर पत्रं तोलायचा डिजिटल काटा मांडलेला असतो. समोर मुलांची रांग, आणि प्रत्येकाच्या हातात विताहून थोडी लहान अशी रंगवलेली लाकडी गाडी. काट्यावर ५ औंसांचा, म्हणजे साधारण १४२ ग्रॅमचा आकडा ओलांडला की गाडी परत. मग कुणाचा तरी बाप खाली बसून गाडीच्या पोटातलं शिसं खरवडतो आणि पुन्हा रांगेत उभा राहतो. पास झालेली गाडी मात्र मुलाला परत मिळत नाही. ती तिथंच जमा होते, कारण रात्रीतून घरी काय होईल याचा भरवसा आयोजकांना नसतो. शनिवारी सकाळी चार रंगांच्या संघांचे खेळ, दुपारी उतरत्या ट्रॅकवर गाड्यांची शर्यत, संध्याकाळी बक्षिसं.

अमेरिकेतल्या चर्चच्या मुलांच्या क्लबांमध्ये हा शुक्रवार-शनिवार वर्षानुवर्षं चालत आला आहे. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांनाही तो अनोळखी नाही. मूल ‘कब स्काउट’मध्ये, म्हणजे स्काउटांच्या लहान मुलांच्या शाखेत, गेलं की ऐन हिवाळ्यात पाइनच्या लाकडाचा ठोकळा, प्लास्टिकची चार चाकं आणि चार खिळे असलेला खोका घरी येतो. त्यातून केलेल्या गाड्यांच्या शर्यतीचं मूळ नाव ‘पाइनवुड डर्बी’. कब स्काउटांच्या अनेक तुकड्या चर्चच्याच आश्रयाखाली भरतात, त्यामुळे देशस्थ-कोकणस्थ घरातला मुलगाही मेथडिस्ट चर्चच्या तळघरात गाडी पळवतो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

या ठोकळ्याची जन्मतारीख पक्की माहीत आहे. १५ मे १९५३, कॅलिफोर्नियातलं मॅनहॅटन बीच. डॉन मर्फी हे तिथल्या कब स्काउट तुकडीचे प्रमुख होते आणि नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन या विमान कंपनीत नोकरीला होते. त्यांच्या दहा वर्षांच्या मुलाला ‘सोप बॉक्स डर्बी’त, म्हणजे घरी बनवलेल्या बिनइंजिनाच्या गाडीत बसून उतारावरून करायच्या मुलांच्या शर्यतीत, उतरायचं होतं, पण वय कमी पडत होतं. मर्फींना खेळण्यातली विमानं-गाड्या बनवायचा नाद होता. मोठ्या गाडीत मुलाला बसता येत नाही, तर मुलाच्या हातात मावेल एवढीच गाडी करावी, असा त्यांनी विचार केला. कंपनीतल्या मॅनेजमेंट क्लबने खर्च उचलला, लाकडाचा उताराचा ट्रॅक तयार झाला, आणि शेवटच्या रेषेवर जिंकणारा ओळखायला घराच्या दारावरच्या घंटीचे भाग वापरून बॅटरीवर चालणारी यंत्रणा बसवली गेली. ५५ मुलं उतरली. गंमत म्हणजे त्यानंतर दहाच दिवसांनी, २५ मे १९५३ ला, याच कंपनीच्या एफ-१०० लढाऊ विमानाने पहिल्याच उड्डाणात ध्वनीचा वेग ओलांडला. एकाच कारखान्यातून दोन वेगवान गोष्टी बाहेर पडल्या. एकीला इंजिनच नव्हतं.

मर्फींनी या खेळाचा हेतू सांगताना बाप-लेकाचं नातं, हातातली कारागिरी आणि खिलाडूवृत्ती या गोष्टींची नावं घेतली होती. बाप-लेकाचं नातं त्यात अगदी पुढे आहे, हे लक्षात ठेवायला हवं. पुढची सगळी भांडणं तिथूनच निघाली. ऑक्टोबर १९५४ मध्ये ‘बॉइज लाइफ’ या स्काउटांच्या मासिकात गाडीचे आणि ट्रॅकचे आराखडे छापून आले आणि खेळ देशभर गेला.

ज्या शर्यतीत मर्फींच्या मुलाला प्रवेश नव्हता तिची गोष्टही सांगायला हवी. १९३३ मध्ये ओहायोतल्या डेटन शहरात मायरन स्कॉट या वृत्तपत्र छायाचित्रकाराला काही मुलं घरी जोडलेल्या गाड्या उतारावरून सोडताना दिसली. आपल्याकडे फळीला बॉलबेअरिंग ठोकून केलेली ‘बेअरिंगची गाडी’ ज्यांनी उतारावरून सोडली आहे आणि गुडघे फोडून घेतले आहेत, त्यांना हे दृश्य समजावून सांगायला नको. स्कॉटने त्याचीच स्पर्धा केली. १९३४ ला डेटनमध्ये पहिली राष्ट्रीय शर्यत झाली आणि पुढच्याच वर्षी ती ॲक्रनला गेली. स्कॉट पुढे शेवरोले कंपनीत गेले, आणि १९५३ मध्येच बाजारात आलेल्या त्या कंपनीच्या स्पोर्ट्स कारला ‘कॉर्व्हेट’ हे नाव सुचवण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं.

पण गाड्यांच्या शर्यतीचा आणि चर्चचा संबंध काय? इथे १९५३ च्याही सत्तर वर्षं मागे जावं लागतं, स्कॉटलंडमधल्या ग्लासगोला.

शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेत, शिकवणाऱ्या विल्यम अलेक्झांडर स्मिथ या तरुणाला एक अगदी साधी अडचण होती: थोडी मोठी झालेली मुलं वर्गात ऐकत नव्हती आणि वयात आली की चर्चकडे फिरकत नव्हती. स्मिथ स्वयंसेवक सैन्यदलातही होता. तिथे हीच मुलं असती तर शिस्तीत उभी राहिली असती, असं त्याच्या मनात आलं. ४ ऑक्टोबर १८८३ रोजी त्याने बॉइज ब्रिगेड सुरू केली: कवायत, व्यायाम, खेळ आणि त्यांच्या जोडीला बायबल. पुढे स्काउट चळवळ उभी करणाऱ्या बेडन-पॉवेल यांचाही ब्रिगेडशी जवळचा संबंध होता.

त्या काळाला या कल्पनेची भूक होती. इंग्लंडमध्ये १८५० च्या दशकापासून बळकट शरीर आणि श्रद्धा यांची सांगड घालणाऱ्या विचाराला ‘मस्क्युलर ख्रिश्चॅनिटी’ म्हणू लागले होते. १८४४ मध्ये लंडनमध्ये जॉर्ज विल्यम्स यांनी वायएमसीए ही ख्रिस्ती तरुणांची संघटना काढली ती दुकानांतून काम करणाऱ्या तरुणांच्या प्रार्थनेसाठी आणि बायबल अभ्यासासाठी. पन्नास वर्षांच्या आत तिच्या अमेरिकी शाखांत व्यायामशाळा आल्या, आणि १८९१ मध्ये स्प्रिंगफील्ड इथल्या तिच्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ यांनी पीचच्या टोपल्या टांगून बास्केटबॉल शोधला. चार वर्षांनी होल्योकच्या वायएमसीएत विल्यम मॉर्गन यांनी व्हॉलीबॉल काढला. आज गावोगावच्या शाळांच्या मैदानावर जाळी बांधून खेळतात तो व्हॉलीबॉल चर्चच्या परिवारातल्या एका संस्थेने तरुणांना गुंतवून ठेवण्यासाठी घडवलेला खेळ आहे, हे सहसा आठवत नाही.

या धाग्याचं एक टोक मुंबईत आहे. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२७ मध्ये नागपाडा नेबरहुड हाउस सुरू केलं. वस्तीतल्या लोकांसाठी शिक्षण, आरोग्य आणि खेळ, हा त्याचा गाभा. १९३६ मध्ये टाटांची समाजकार्याची शाळा, आजची टिस, याच आवारात सुरू झाली आणि मॅनशार्ट तिचे पहिले संचालक झाले. मुंबईच्या बास्केटबॉलमध्ये नागपाड्याचं नाव आजही कसं घेतलं जातं, ते तिथल्या कुणालाही विचारा.

म्हणजे मर्फींचा ठोकळा आला तेव्हा त्याला बसायला पाट आधीच मांडलेला होता. अमेरिकेतल्या चर्चना मुलांसाठी धड्यांच्या बरोबरीने काहीतरी हवंच होतं. शिकागोच्या नॉर्थ साइड गॉस्पेल सेंटरमध्ये पाळक लान्स लेथम आणि तरुणांचं काम पाहणारे आर्ट रोरहाइम यांनी आठवड्याचा मुलांचा क्लब आधीच बांधला होता. १९५० मध्ये त्यातून ‘अवाना’ ही संस्था झाली. हे नाव बायबलमधल्या, तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातल्या ‘लाज वाटण्याची गरज नसलेला कामकरी’ या ओळीच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जोडून केलेलं. अवानाची ओळख म्हणजे हॉलच्या फरशीवर रंगवलेलं मोठं वर्तुळ, चार भागांत चार संघ: लाल, निळा, हिरवा, पिवळा. वर्तुळाभोवती धावणं, बीनबॅग म्हणजे दाणे भरलेली छोटी पिशवी फेकणं, तीन पायांची शर्यत, आणि चारही संघांनी एकाच वेळी ओढायची रस्सीखेच. वर्तुळाची युक्ती साधी आहे. बाहेर बर्फ पडत असला तरी खेळ आत होतो, आणि खेळणारं प्रत्येक मूल सगळ्यांना दिसतं. मला तर या वर्तुळात गाड्यांपेक्षा जास्त अक्कल दिसते.

तरीही गाडीने सगळ्यांना जिंकलं. ‘पाइनवुड डर्बी’ हे नाव अमेरिकन स्काउटांनी व्यापारचिन्ह म्हणून राखून ठेवलं आहे, त्यामुळे बाकीच्यांनी आपापली नावं शोधली. अवानात ती ‘ग्रां प्री’ झाली. सदर्न बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या ‘रॉयल ॲम्बॅसडर्स’ या १९०८ पासूनच्या मुलांच्या संघटनेत तीच ‘आरए रेसर’, आणि कॅनडाच्या स्काउटांत ‘कब कार रॅली’. नावं वेगळी, ठोकळा जवळपास तोच.

आता त्या ठोकळ्याच्या विज्ञानाबद्दल. गाडीला इंजिन नाही, धक्का द्यायची परवानगी नाही. सुरुवातीचा दांडा पडला की गुरुत्वाकर्षण जे देईल तेवढंच. त्यामुळे सगळा खेळ दोन गोष्टींचा: वजन परवानगीच्या काठापर्यंत न्यायचं, आणि घर्षण शक्य तितकं मारायचं. वजन मागच्या चाकांजवळ ठेवलं तर उतारावर उभ्या गाडीचा गुरुत्वमध्य थोडा उंच राहतो आणि तिला खाली यायला जास्त उंची मिळते. म्हणून मागे टंगस्टनचे तुकडे बसवतात. खिळ्यांवरचे चरे पॉलिश करून काढतात, चाकात ग्रॅफाइटची पूड भरतात, पुढचं एक चाक केसभर वर उचलतात म्हणजे तीनच चाकं फिरतील. शर्यत तीनेक सेकंदांत आटोपते आणि निकाल इन्फ्रारेड सेन्सर सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत सांगतो. ट्रॅकच्या मार्गिकांत फरक असतो म्हणून प्रत्येक गाडी प्रत्येक मार्गिकेतून सोडतात.

हे सगळं आठ वर्षांचं पोर करतं, असं कुणीच मानत नाही.

आपल्याकडे दिवाळीच्या किल्ल्यांच्या स्पर्धेत ज्यांनी परीक्षक म्हणून फिरण्याचं काम केलं आहे त्यांना हा पेच ओळखीचा वाटेल. बुरुज कोरीव, तटबंदीला सिमेंट, तळ्यात कारंजं, आणि शेजारी उभा असलेला मुलगा किल्ल्याचं नाव सांगताना अडखळतो. बाजूला दुसऱ्या पोराचा मातीचा ढिगारा, त्यावर उगवलेली मोहरी आणि एका पायाचा मावळा. बक्षीस कुणाला?

या वाटेने माणूस किती लांब जातो हे सोप बॉक्स डर्बीने १९७३ मध्ये पाहिलं. ॲक्रनला जिंकलेल्या चौदा वर्षांच्या मुलाच्या गाडीला सुरुवातीलाच संशयास्पद आघाडी मिळत होती. एक्स-रे काढल्यावर गाडीच्या नाकात विद्युतचुंबक सापडला. मुलाने हेल्मेट मागे टेकवलं की तो चालू होई, आणि सुरुवातीची लोखंडी पट्टी खाली पडताना गाडीला पुढे ओढी. त्यामागे मुलाचा मामा-काका कुणी होता, पोराची ही कल्पना नव्हती. विजेतेपद काढून घेतलं गेलं. इंग्रजीत मामा-काका दोघांनाही एकच शब्द, त्यामुळे मराठीत सांगताना दोष कुठल्या बाजूच्या नातलगाला द्यायचा हाही प्रश्नच.

चर्चच्या क्लबांनी यावर आपापले उपाय काढले. काही ठिकाणी वेगासाठी आणि सजावटीसाठी वेगळी बक्षिसं असतात, त्यामुळे केळ्याच्या, चीजच्या तुकड्याच्या किंवा बायबलमधल्या नोहाच्या जहाजाच्या आकाराची गाडी करणाऱ्यालाही हात वर करायला मिळतो. काही क्लब शर्यतीच्या आधी हॉलमध्येच सुतारकामाची संध्याकाळ ठेवतात: करवतीचं काम मोठ्यांनी करायचं, घासायचं आणि रंगवायचं मुलांनी. ज्या घरात हत्यारं नाहीत किंवा वडील नाहीत त्या मुलाची सोयही त्यातच होते, आणि मर्फींच्या ‘बाप-लेक’ या जोडीतली ही फट बुजवायला पुढच्या पिढ्यांना बराच वेळ लागला.

आणि तिसरा उपाय सगळ्यात प्रामाणिक. अनेक ठिकाणी मुलांच्या फेऱ्या संपल्या, बक्षिसं वाटून झाली, पोरं पिझ्झ्याच्या टेबलाकडे पळाली की ट्रॅक बंद करत नाहीत. मोठ्यांच्या गटाची शर्यत सुरू होते. मघाशी काट्यापाशी शिसं खरवडणारे सगळे बाप आपापल्या गाड्या घेऊन पुन्हा रांगेत उभे असतात.