‘अभिमान’ : एका नव्या मत्सराची पार्श्वभूमी

बंगालीत ‘अभिमान’ म्हणजे केवळ गर्व नव्हे. आपल्या माणसाने मन दुखावलं की जो रुसवा धरला जातो, तोंडाने काही बोलायचं नाही पण त्यानेच येऊन समजूत काढावी अशी आस आत असते, त्याला बंगाली माणूस अभिमान म्हणतो. तो परक्यावर करता येत नाही. मराठीत या शब्दाला ही छटा नाही. आपल्याकडे भाषेचा अभिमान असतो, घराण्याचा असतो आणि संतांच्या वाङ्मयात देहाभिमान असतो. त्यामुळे हृषीकेश मुखर्जींचा ‘अभिमान’ २७ जुलै १९७३ रोजी प्रदर्शित झाला, तेव्हा आपण शीर्षक सरळ आपल्या अर्थाने वाचलं : अहंकारी नवऱ्याच्या गर्वहरणाची गोष्ट. मीही कितीतरी वर्षं तसंच वाचत होतो. दिग्दर्शक बंगाली, संगीतकार बंगाली, नायिकाही बंगाली घरातली. मग शब्द तेवढा आपला कसा असेल, हे फार उशिरा लक्षात आलं.

गोष्ट थोडक्यात अशी. सुबीर कुमार हा मुंबईतला लोकप्रिय पार्श्वगायक. मावशीच्या गावी गेला असताना त्याला उमाचा आवाज ऐकू येतो, तो तिच्याशी लग्न करतो आणि आपण दोघं मिळूनच गाणार असं हौसेने जाहीर करतो. एक जाणकार रसिक तिथेच मनात चरकतो, कारण उमाचं गाणं सुबीरपेक्षा वरचढ आहे हे त्याच्या कानांनी ओळखलेलं असतं. पुढे निर्माते तिच्याकडे येऊ लागतात, तिला पैसे जास्त मिळू लागतात, सह्या घ्यायला आलेली मुलं आधी तिच्याकडे वळतात. सुबीर गाणं सोडतो, दारू जवळ करतो. उमा माहेरी जाते, तिचं मूल पोटातच जातं आणि ती अबोल होते.

मी हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला तो गिरगावात, गणपतीत गल्लीत पडदा लावून दाखवतात तेव्हा. उशिरा आल्यामुळे पडद्याच्या मागच्या बाजूला बसलो होतो, त्यामुळे सगळं उलटं दिसत होतं. तिसऱ्या-चौथ्या रिळानंतर पुरुषमंडळी पानाच्या निमित्ताने एकेक करून उठली. सतरंजीवर बसलेल्या बायका मात्र हलल्या नाहीत. तो फरक डोक्यात राहिला, आणि या विषयाच्या मागे लागायचं खरं कारण तेच.

मराठीत मत्सराला शब्दांची वाण नाही. हेवा, असूया, जळफळाट, पोटदुखी. दोन बायकांमधल्या मत्सराला तर ‘सवतीमत्सर’ असा खास शब्द आहे आणि भावाभावांतल्या तेढीला ‘भाऊबंदकी’. पण बायकोला नाव मिळालं म्हणून नवऱ्याच्या मनात जे सलतं, त्याला शब्द नाही. गरजच पडली नव्हती. घरातल्या बाईला नावलौकिक मिळण्याची सोयच नव्हती, तर नवरा जळणार कशावर?

रंगभूमीवर नवऱ्याचा मत्सर खूप आधी आला, पण तो वेगळ्या जातीचा. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी ‘ऑथेल्लो’ १८६७ मध्येच मराठीत आणलं. गोविंद बल्लाळ देवलांनी त्याच नाटकावरून ‘झुंझारराव’ रचलं, आणि पुढे १९१६ मध्ये त्याच संशयाचा हसरा चेहरा ‘संशयकल्लोळ’मध्ये दाखवला. फाल्गुनराव आणि कृत्तिका एकमेकांवर पाळत ठेवतात आणि प्रेक्षक शंभर वर्षांनंतरही हसून लोटपोट होतात. पण झुंझारराव काय किंवा फाल्गुनराव काय, दोघांच्याही मनात कुणीतरी तिसरा माणूस आहे. ‘अभिमान’मध्ये तिसरा नाही. उमाच्या चारित्र्याबद्दल सुबीरला एका क्षणापुरतीही शंका येत नाही. तिच्या गळ्यावरच त्याचं प्रेम जडलेलं असतं आणि नेमका तोच गळा त्याला सहन होईनासा होतो. संशय असता तर तो खोटा ठरवता आला असता. इथे उमाने खोटं ठरवायचं तरी काय?

असा मत्सर जन्मायला आधी दोन गोष्टी घडाव्या लागल्या : लग्नाच्या बाईने गाणं, आणि त्या गाण्याला बाजारात किंमत येणं. एकोणिसाव्या शतकात या दोन्ही गोष्टी एका बाईच्या वाट्याला सहसा येत नसत. मैफलीत गाणाऱ्या बहुतेक स्त्रिया कलावंतीण किंवा नायकीण म्हणून ओळखल्या जात आणि कुलीन म्हणवणाऱ्या लग्नसंस्थेत त्यांना जागा नव्हती. घरातल्या बायका जात्यावर ओव्या म्हणत, मंगळागौरीला गात, आणि ते गाणं उंबऱ्याच्या आतच राही. ही भिंत ढासळली ती विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीसेक वर्षांत, आणि त्यातला मोठा भाग मुंबईत. पलुस्करांच्या गांधर्व महाविद्यालयाने मध्यमवर्गीय घरांत गाणं शिकणं प्रतिष्ठेचं केलं. ऑपेरा हाउसजवळ देवधरमास्तरांची संगीतशाळा १९२५ मध्ये सुरू झाली. १९२७ मध्ये मुंबईत रेडिओ केंद्र आलं आणि आवाज बाईच्या आधी घराबाहेर पडला. हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून जलसे केले आणि गाणाऱ्या स्त्रीकडे आदराने पाहण्याची सवय श्रोत्यांना लावली. हिराबाईंचे हे उपकार आपण पुरेसे बोलून दाखवत नाही.

या बदलाचं फळ मराठी रंगमंचावर दिसलं ते १९४२ मध्ये. मो. ग. रांगणेकरांच्या ‘कुलवधू’ची नायिका भानुमती सिनेनटी आहे. तिच्या यशाने नवऱ्याचा पुरुषी अहंकार दुखावतो. इब्सेनच्या ‘डॉल्स हाउस’ची सावली या नाटकावर आहे हे उघड आहे, पण सिनेमात काम करणारी विवाहित स्त्री ही या नाटकाने मुंबईतूनच उचललेली. मास्टर कृष्णरावांचं संगीत आणि ज्योत्स्ना भोळे यांनी गायलेलं ‘बोला अमृत बोला’ घरोघरी पोचलं. गाणी इतकी गाजली की नाटकातला तो बोचरा प्रश्न त्यांच्याखाली झाकला गेला, असं मला वाटतं. ज्योत्स्नाबाईंचं स्वतःचं घर मात्र त्या प्रश्नाला दिलेलं वेगळं उत्तर होतं. त्यांचे पती केशवराव भोळे हे संगीतकार आणि जाणते समीक्षक. पत्नीच्या गाण्यामागे ते उभे राहिले. म्हणजे एकाच घरात दोन गाणारी माणसं असली की ठिणगी उडणारच, असं काही नाही.

हिंदी सिनेमात पार्श्वगायनाने हा प्रश्न आणखी धारदार केला. १९४९ मध्ये ‘महल’मधलं ‘आएगा आनेवाला’ गाजलं, तेव्हा ध्वनिमुद्रिकेवर लता मंगेशकरांचं नाव नव्हतं. ‘कामिनी’ हे पडद्यावरच्या पात्राचं नाव छापलं होतं. वीस वर्षांत चित्र पालटलं. गायक स्वतः तारा झाला, आणि त्या आकाशात सर्वांत वर एक स्त्री होती. लताबाईंच्या तारखा बघून महालक्ष्मीपासून ताडदेवपर्यंत रेकॉर्डिंग ठरू लागली. पुरुषापेक्षा बाईचा शब्द जड ठरावा असे धंदे तेव्हाच्या मुंबईत फार नव्हते. पार्श्वगायन त्यांतला एक. उमाला नवऱ्यापेक्षा जास्त पैसे मिळतात हे प्रेक्षकाला सहज पटलं, त्यामागे हे सगळं होतं. उमा शाळेत शिक्षिका असती किंवा मंत्रालयात कारकून असती, तर ही गोष्ट उभीच राहिली नसती.

सिनेमा कुणाच्या आयुष्यावर बेतला, याची चर्चा पन्नास वर्षं चालू आहे. सर्वांत जास्त नाव घेतलं जातं ते पंडित रविशंकर आणि अन्नपूर्णादेवी यांचं. मैहरच्या उस्ताद अल्लाउद्दीन खाँसाहेबांची ही मुलगी सुरबहार, म्हणजे सतारीच्या जातीचं पण खर्जातलं मोठं वाद्य, वाजवत असे. १९४१ मध्ये दोघांचं लग्न झालं. पुढे सतार आणि सुरबहार यांच्या जुगलबंदीचे काही कार्यक्रम झाले आणि मग अन्नपूर्णादेवींनी जाहीर वादन कायमचं थांबवलं. टाळ्या आपल्याला जास्त पडत आणि ते पतीला रुचत नसे, असं त्यांनी उतारवयात सांगितलं. रविशंकरांचं म्हणणं वेगळं होतं. वाजवायला तिचीच तयारी नसे, असं ते म्हणत. दोघांमधलं खरं काय याचा निवाडा बाहेरच्याने करू नये. पुढे अन्नपूर्णादेवी वॉर्डन रोडवरच्या ‘आकाशगंगा’ इमारतीत राहिल्या, तिथेच शिष्य घडवले. हरिप्रसाद चौरसिया आणि नित्यानंद हळदीपूर ही त्यांतली दोन नावं.

दुसरं नाव घेतात ते किशोरकुमार आणि त्यांच्या पहिल्या पत्नी रुमादेवी यांचं. १९५८ मध्ये दोघं वेगळे झाले आणि त्याच वर्षी रुमादेवींनी ‘कलकत्ता यूथ कॉयर’ हा गानवृंद उभारला. तिसरा धागा हॉलीवूडच्या १९३७ मधल्या ‘ए स्टार इज बॉर्न’पर्यंत नेला जातो. तो मला सर्वांत कच्चा वाटतो. तिथला नायक बायको वर चढण्याआधीच दारूपायी घसरणीला लागलेला असतो. सुबीरचा गळा शाबूत आहे, श्रोते त्याला सोडून गेलेले नाहीत, गाणं त्याने स्वतः टाकलं आहे. हा बंगाली अर्थाचा अभिमान आहे : मी रुसलो आहे, तू ओळख. आणि उमाही त्याच अर्थाने मुकी होते. दोघांनीही एकमेकांवर अभिमान धरलाय, असं धरलं तर शीर्षक एकट्या सुबीरचं राहत नाही.

पडद्यावरच्या जोडीचाही एक योग होता. ‘अमिया’ या निर्मितीसंस्थेचं नावच अमिताभ आणि जया यांच्या नावांतून आलेलं. ११ मे १९७३ ला ‘जंजीर’ लागला, ३ जूनला दोघांचं लग्न झालं आणि पुढच्या महिन्यात ‘अभिमान’. त्याआधी, ‘गुड्डी’पासून, जया भादुरी हेच मोठं नाव होतं, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून आलेली ही मुलगी प्रेक्षकांनी आपली मानली होती. उमाच्या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअर मिळालं, ‘बॉबी’च्या डिंपल कपाडियाबरोबर विभागून. दुर्गा खोटे सुबीरच्या मावशीच्या भूमिकेत आहेत. दोन मुलांना वाढवण्यासाठी सिनेमात उतरलेल्या दुर्गाबाई त्या घरात वावरताना दिसतात, तेव्हा बाईच्या कमाईचा सगळा इतिहास एका कोपऱ्यात शांत उभा असल्यासारखा वाटतो.

सचिनदेव बर्मन यांनाही या चित्रपटासाठी फिल्मफेअर मिळालं, आणि ते सर्वार्थाने योग्य होतं. गाणी लिहिली मजरूह सुलतानपुरींनी. उमाची सगळी गाणी लताबाईंची. फक्त एक संस्कृत श्लोक अनुराधा पौडवाल यांचा, आणि त्यांचं सिनेमातलं गाणं तिथूनच सुरू झालं. त्यांचे पती अरुण पौडवाल बर्मनदांचे सहायक होते. सुबीरला मात्र एक आवाज नाही. ‘मीत ना मिला रे मन का’ किशोरकुमारांचं, ‘तेरी बिंदिया रे’ रफीसाहेबांचं, ‘लूटे कोई मन का नगर’ मनहर उधास यांचं. बर्मनदांनी हे ठरवून केलं असा माझा दावा नाही, पण धंद्याने गायक असलेल्या माणसाला तीन गळे आणि त्याच्या बायकोला एकसंध गळा, हे कान देऊन ऐकलं की सुबीरची अस्वस्थता आणखी कळते.

वेगळं होण्याच्या बाबतीत कायद्याचा संबंध सिनेमात येतच नाही. परस्परसंमतीने घटस्फोटाची तरतूद हिंदू विवाह कायद्यात आली ती १९७६ मध्ये, तीन वर्षांनी. उमापुढे वाट एकच होती, माहेरची.

शेवटच्या गाण्याची, ‘तेरे मेरे मिलन की ये रैना’ची चाल रवींद्रनाथांच्या ‘जोदि तारे नाइ चिनि गो’ या गाण्यावरून आली आहे. सुबीर सभागृहात एकटाच सुरू करतो, उमा ऐकत राहते, मग तिला रडू फुटतं आणि ती सूर मिळवते. अन्नपूर्णादेवींनी १३ ऑक्टोबर २०१८ ला मुंबईत देह ठेवला. त्यांच्या वादनाची मोजकीच ध्वनिमुद्रणं लोकांपर्यंत आली आहेत. त्यांत यमन कल्याणची एक जुगलबंदी आहे : सतार रविशंकरांची, सुरबहार अन्नपूर्णादेवींचा. ध्वनिमुद्रण जुनं आहे, खरखर बरीच आहे, पण खर्जातली सुरबहाराची मींड, एका सुरावरून दुसऱ्या सुरावर सलग घसरत जाणारी, स्पष्ट ऐकू येते.