ट्विनशॉक की ईव्हो? आधी मागचा शॉक बघा, सन नंतर

व्हिंटेज मोटोक्रॉसमधे, म्हणजे जुन्या गाड्यांच्या मातीतल्या रेसिंगमधे, नवीन आलेला माणूस हमखास इथेच अडकतो. रेसच्या क्लासेसची यादी उघडतो, त्यात ट्विनशॉक पण दिसतो आणि ईव्हो पण दिसतो, दोन्हीतल्या गाड्या साधारण १९७५ ते १९८१ च्या, दोन्ही एअरकूल्ड, दोन्हीला ड्रम ब्रेक, बहुतेक टू-स्ट्रोक, लांबून बघितल्या तर सारख्याच उंच, मग दोन वेगळे क्लास कशाला? मलाही बरेच दिवस हे कळत नव्हतं, कारण मी सगळं सनावरून लावायला बघत होतो आणि इथे सन जवळजवळ दुय्यम आहे. खरी वाटणी मागचं चाक कशाने धरलंय त्यावर आहे.

ट्विनशॉक नावातच आलं, मागे दोन शॉक अ‍ॅब्सॉर्बर, एक डावीकडे एक उजवीकडे. ईव्हो म्हणजे इव्होल्यूशन, आणि त्याची व्याख्या काय नको यावरून होते: मागे लिंकेज (चाक आणि शॉक यांच्या मधली दांड्यांची जोडणी) नको, रेडिएटर नको, डिस्क ब्रेक नको. एवढं पाळलं की शॉक एक आहे का दोन याने फरक पडत नाही. म्हणजे हिशोब एकतर्फी आहे, एअरकूल्ड ड्रमवाली ट्विनशॉक ईव्होच्या व्याख्येत बसते पण एका शॉकची ईव्हो गाडी ट्विनशॉकमधे कधीच बसणार नाही. (बारीक नियम देशागणिक, क्लबागणिक बदलतात. ईव्हो हे नाव ब्रिटन-ऑस्ट्रेलियाकडे जास्त चालतं, अमेरिकेत एएचआरएमए या व्हिंटेज रेसिंगच्या संस्थेच्या पोस्ट-व्हिंटेज गटात हिस्टॉरिक, ग्रां प्री, अल्टिमा अशी वेगळीच नावं आहेत. एंट्री भरायच्या आधी तिथलं नियमपुस्तक वाचाच.)

आता हे दोन रस्ते फुटले कुठे ते बघू, कारण ते कळलं की बाकीचं पाठ करावं लागत नाही. सत्तरीच्या सुरुवातीला मागच्या चाकाला जेमतेम १०० मिलिमीटर ट्रॅव्हल (वर-खाली हलायची मुभा) असायचा, शॉक जवळजवळ उभे आणि चाकाच्या अगदी जवळ लावलेले. मग बेल्जियमच्या लुसियाँ टिल्केन्स या इंजिनियरने एकच लांब शॉक टाकीखाली आडवा घालायची कल्पना काढली, यामाहाने ती घेतली, आणि १९७३ मधे हाकान अँडरसनने त्याच मोनोशॉकवर (एका शॉकच्या मांडणीवर) २५० सीसीची वर्ल्ड चॅम्पियनशिप मारली. १९७५ च्या यामाहाच्या वायझेड गाड्यांमधे ती गोष्ट विकत मिळायला लागली. त्याच सुमारास मायको या जर्मन कंपनीने उलटं केलं, शॉक दोनच ठेवले पण ते स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) पुढे सरकवून तिरके केले, तेवढ्याच शॉकमधे चाकाला कितीतरी जास्त हालचाल मिळाली, आणि मग बाकी सगळे त्या मागे. १९८० पर्यंत दोन्ही रस्त्यांनी गाड्या ३०० मिलिमीटरच्या आसपास पोचल्या होत्या, म्हणूनच त्या आज शेजारी शेजारी उभ्या केल्या की सारख्या वाटतात.

मधेच एक सांगून टाकतो, १९७२ च्या हस्क्वर्नालाही शॉक दोनच आहेत, पण लोक ट्विनशॉक क्लास म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यासमोर ही लांब ट्रॅव्हलवाली पिढी असते. ७४ पर्यंतच्या गाड्यांचा क्लास वेगळा, त्यांना या लांब ट्रॅव्हलवाल्यांच्या खड्ड्यांत उतरवलं तर गाडीचे पण हाल आणि पाठीचे पण.

खरी फसगत होते ती ८० ते ८२ मधे. १९८० ची कावासाकी केएक्स २५० घ्या, एअरकूल्ड, ड्रम ब्रेक, एक शॉक, बघणारा म्हणणार ईव्हो. नाही, तिला युनि-ट्रॅक आहे, म्हणजे लिंकेज. १९८१ ची सुझुकी आरएम २५० पण एअरकूल्ड, पण फुल फ्लोटर, ते सुझुकीचं लिंकेज. होंडाची ८१ ची सीआर ४५०, एअरकूल्ड, पण प्रो-लिंक, ते होंडाचं लिंकेज. तिन्ही बाहेर. आणि सगळ्यात सुंदर जोडी यामाहाची: १९८१ ची वायझेड ४६५ ईव्होत बसते, १९८२ ची वायझेड ४९० तशीच एअरकूल्ड, तसेच ड्रम, तरी बसत नाही, कारण त्या वर्षी मागे लिंकेज आलं. उलट ८१ च्या वायझेड १२५ ला लिंकेज नाही, पण नंबर प्लेटच्या मागे रेडिएटर बसलाय, ती त्या कारणाने बाद. आणि त्याच ८१ ची मायको ४९० अजून दोन शॉकवर, ट्विनशॉकवाल्यांची जीव की प्राण असलेली गाडी, बऱ्याच लोकांच्या मते (माझ्याही) त्या काळातली सगळ्यात चांगली ओपन क्लास (मोठ्या इंजिनाची) मोटोक्रॉसर. एकच सन, तीन वेगळे निकाल.

म्हणून गाडी बघायला गेलात की टाकीवरचे स्टिकर सोडा आणि मागच्या चाकाजवळ गुडघ्यावर बसा. यामाहाच्या जुन्या मोनोशॉकमधे स्विंगआर्म त्रिकोणी होऊन सीटखाली वर चढतो आणि शॉक तिथून सरळ पुढे टाकीखाली शिरतो, मधे एकही जोड नाही, चाक हललं की शॉक तेवढ्याच प्रमाणात दाबला जातो. लिंकेजवाल्या गाडीत शॉक इंजिनामागे उभा असतो आणि त्याच्या एका टोकाला छोटा रॉकर, दांडे, बुश दिसतात. फक्त खालीच बघू नका, प्रो-लिंकचं लिंकेज खाली असतं पण युनि-ट्रॅक आणि फुल फ्लोटरचा रॉकर वर, सीटखाली असतो. मी एकदा नुसतं खाली हात घालून चाचपलं, काही लागलं नाही म्हणून खूश झालो, आणि सीट काढल्यावर रॉकर समोर. तेव्हापासून सीटचे दोन बोल्ट काढल्याशिवाय मी हो म्हणत नाही.

नियम लिंकेजवरच एवढा अडून का बसतो तर चालवताना तिथेच जमीन-अस्मानाचा फरक पडतो. लिंकेजमुळे सुरुवातीला मागची बाजू मऊ राहते आणि जसजशी दबेल तसतशी कडक होत जाते, बारीक खड्डे पण गिळते आणि मोठ्या जंपवरून उतरताना आपटत पण नाही. जुन्या मोनोशॉकमधे आणि ट्विनशॉकमधे दोन्ही एकदम मिळत नाही, तुम्हाला स्प्रिंग आणि डॅम्पिंग (शॉकची हालचाल आवरणारा तेलाचा विरोध) यांच्यात तडजोड करावीच लागते, म्हणून या दोघी एका मैदानात शोभतात.

पण दोघींचा स्वभाव वेगळा. मोनोशॉकचं वजन वर, टाकीखाली, त्यामुळे गाडी वळणात थोडी डोकेजड वाटते, शॉक इंजिनाच्या वर कोंडलेला म्हणून लांब रेसमधे तापतो, डॅम्पिंग सैल पडतं आणि शेवटच्या दोन-तीन लॅपला ब्रेकिंगच्या खड्ड्यांवर मागचं चाक उसळायला लागतं. ट्विनशॉकचे दोन्ही शॉक मोकळ्या हवेत, गार राहतात, स्प्रिंगचा प्रीलोड (आधीच दिलेला दाब) उभ्या उभ्या बदलता येतो. मात्र दोन्ही एकसारखे काम करायला हवेत. एकातलं तेल गळलेलं आणि दुसरा धड असेल तर गाडी खड्ड्यात तिरकी पडते आणि माणूस चेसिसला दोष देत बसतो. विकत घेताना दोन्ही शॉक काढून, स्प्रिंग उतरवून, हाताने दाबून आणि परत ओढून बघा, दोन्हीकडे विरोध सारखा लागला पाहिजे. मोनोशॉकला हे इतकं सोपं नाही, टाकी, सीट सगळं खाली येतं आणि आत नायट्रोजनचा दाब असतो म्हणून तो घरी उघडायचा नाही, थेट सस्पेन्शनवाल्याकडे द्यायचा. सुट्या भागांच्या बाबतीत म्हणूनच ट्विनशॉकवाला सुखी, आजही नवीन चांगले शॉक बनवून मिळतात.

पहिलीच गाडी असेल तर मी ट्विनशॉक सांगेन, एकाच गाडीवर दोन्ही क्लासची दारं उघडी राहतात. वायझेड ४६५ चा तो दणदणीत पिकअप एकदा अनुभवला असेल तर मात्र माझं ऐकू नका, तीच घ्या, फक्त सीट काढून बघितल्यावर.