मुरगाव 1943: आश्रय की तळ?

9 मार्च 1943च्या रात्री गोव्यातल्या मुरगाव बंदरात जे घडले ते बहुतेकदा साहसकथा म्हणूनच सांगितले जाते. ब्रिटिशांनी धाडलेली, कोलकात्याच्या गोऱ्या व्यापाऱ्यांची हौशी घोडदळ तुकडी, त्यातले कित्येक पोट सुटलेले मध्यमवयीन, एक जुनाट बार्ज आणि किनाऱ्यावर कार्निव्हालचा शेवटचा दिवस. ‘एरेनफेल्स’ या जर्मन मालवाहू जहाजावर ही मंडळी चढली, जहाजाचा कप्तान आणि काही खलाशी मारले गेले, आणि उरलेल्यांनी जहाज शत्रूच्या हाती जाऊ नये म्हणून स्वतःच बुडवले. बाजूची दोन जर्मन आणि एक इटालियन जहाजही त्यांच्या खलाशांनी तसेच संपवले. पण बंदर पोर्तुगालचे होते आणि पोर्तुगाल युद्धात नव्हता. मग तटस्थता मोडली कोणी?

जर्मन जहाजे 1939मध्ये युद्धाला तोंड फुटले तेव्हा इथे आसऱ्याला आली. ‘आन्फोरा’ हे इटालियन जहाज इटली 1940मध्ये युद्धात उतरल्यावर त्यांच्या पंगतीला बसले. यात बेकायदा काही नव्हते. 1907च्या हेग करारानुसार तटस्थ बंदरात युद्धनौकेला सर्वसाधारणपणे 24 तासच थांबता येते, व्यापारी जहाजाला अशी मुदत नाही. त्यामुळे साडेतीन वर्षे नांगर टाकून बसणे कंटाळवाणे असले, तरी नियमात बसत होते.

गोची आणखी एका कलमात आहे. तटस्थ बंदराचा लढाईसाठी तळ म्हणून वापर करायचा नाही, आणि विशेषतः तिथे बिनतारी संदेशयंत्रणा उभारायची नाही, असे तोच करार सांगतो. ब्रिटिशांचा आरोप नेमका हाच होता: ‘एरेनफेल्स’वर लपवलेला ट्रान्समीटर हिंदी महासागरातल्या पाणबुड्यांना बातम्या पुरवतो. हे खरे धरले, तर आश्रयाचा तळ झाला होता आणि तो बंद करणे हे पणजीतल्या पोर्तुगीज प्रशासनाचे काम होते. मात्र तटस्थ देशाच्या सागरी हद्दीत लढणे तर सोडाच, जहाजाची झडती घेणेही त्याच करारात निषिद्ध आहे. म्हणजे ट्रान्समीटर असला तरी हल्ला बेकायदाच ठरतो. शिवाय त्या ट्रान्समीटरबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे, ते मुख्यतः हल्ला करणाऱ्या बाजूकडून आलेले आहे. नियमित फौज न पाठवता हौशी माणसे धाडली गेली, ती प्रकरण अंगाशी आले तर हात झटकता यावेत म्हणून. आपण चूक करतो आहोत हे पाठवणाऱ्यांना पुरते कळत होते, एवढे त्यावरून दिसतेच. मोहिमेची जाहीर वाच्यता व्हायला 1970चे दशक संपत यावे लागले.

तटस्थ म्हणजे काठावर उभा असलेला. गोव्याला असा काठ होता कुठे? मुरगावपासून घाटावर जाणारी रेल्वे ब्रिटिश हिंदुस्थानातली कंपनी चालवत होती. तांदूळ बाहेरून यायचा. आणि ब्रिटिश जहाजांवर खलाशी, स्वयंपाकी, स्ट्यूअर्ड म्हणून राबणारे गोंयकार पाणबुड्यांच्या तोंडावर होते. त्यांच्या मुलखाची तटस्थता लिस्बनमध्ये ठरली होती, त्यांना कोणी विचारले नव्हते.

लिस्बनचा स्वतःचा हिशेब जुना होता. इंग्लंडशी 1373पासूनचा तह. त्याचाच हवाला देत 1916मध्ये ब्रिटनने पोर्तुगीज बंदरांतली जर्मन जहाजे जप्त करायला लावली आणि जर्मनीने युद्ध पुकारले. दुसऱ्या खेपेला लिस्बन सावध होते. जर्मनीला वुल्फ्रॅम, म्हणजे टंगस्टनचे खनिज, जून 1944पर्यंत विकले जात होते आणि मोबदल्यात येणाऱ्या सोन्यात लुटीचे सोनेही होते. दोस्त राष्ट्रांनाही तेच खनिज विकले जात होते. तिमोर या पोर्तुगीज वसाहतीत डिसेंबर 1941ला दोस्तांच्या फौजा परवानगीशिवाय उतरल्या, दोन महिन्यांनी जपानी आले. लिस्बनने निषेध नोंदवले आणि तिमोरचे लोक हजारोंनी मेले.

ऑगस्ट 1943मध्ये, मुरगावच्या घटनेला सहा महिने होण्याच्या आत, अटलांटिकमधल्या पोर्तुगीज अझोर्स बेटांवरचे तळ ब्रिटनला देण्याचा करार झाला. 8 ऑक्टोबरला ब्रिटिश फौजा तिथे उतरल्या. पोर्तुगाल तरीही तटस्थ! याला तिथे ‘सहकार्याची तटस्थता’ असे नाव आहे, आणि हा शब्द मला वकिली वाटतो. गंमत अशी की त्याच ऑक्टोबरमध्ये मुरगावात ‘ग्रिप्सहोम’ आणि ‘तेइया मारू’ ही जहाजे येऊन लागली आणि अमेरिका-जपान यांनी एकमेकांचे अडकलेले नागरिक इथे अदलून-बदलून घेतले. सात महिन्यांपूर्वी ज्या पाण्यात चार जहाजे बुडाली होती, ते आता दोन्ही पक्षांना पुरेसे तटस्थ वाटले.

अझोर्सच्या बदल्यात ब्रिटनने एक आश्वासन दिले होते: पोर्तुगालच्या सर्व वसाहतींवरचे त्याचे सार्वभौमत्व आम्ही मानू. त्यात गोवाही आला. डिसेंबर 1961मध्ये भारतीय फौजा सीमेवर जमल्या तेव्हा लिस्बनने जुन्या दोस्तीच्या नावाने लंडनकडे हात पसरला. राष्ट्रकुलातल्या सदस्य देशाशी आपण लढू शकत नाही, ही लंडनची भूमिका कायम राहिली.